चालत नाही

आमच्या घरात सगळ्यात जास्त कानावर पडणारे शब्द कुठले, असं कुणी विचारलं तर मी लगेच सांगेन, 'चालत नाही'. मासे चालत नाहीत, मटण चालत नाही, केकमधलं अंडं चालतं पण डोळ्यांना दिसलेलं चालत नाही, चतुर्थीला कांदा चालत नाही. हे कुणी ठरवलं आणि का ठरवलं, असं घरात कुणी विचारत नसे. पुण्यात असताना विचारायची वेळच येत नव्हती. कुणाकडे जेवायला जायचं ठरलं की यजमानीणबाई आधीच फोनवर विचारून घ्यायच्या, तुम्हाला काय चालतं, काय नाही, आणि विषय तिथेच संपायचा. पुढे बाबांच्या कंपनीने त्यांना जपानला पाठवलं, आम्ही तोक्योच्या पूर्वेला हिगाशी-कसाईत एका उंच इमारतीत राहायला गेलो, आणि या दोन साध्या शब्दांचं काय करायचं हा प्रश्न आमच्यासमोर येऊन बसला. जपानी भाषेत 'चालणं' आहे, 'नाही' आहे, पण दोन्ही मिळून आमच्याकडे जे होतं ते तिथे होत नाही. बाबांनी त्यावर जो तोडगा काढला त्याचा राग मला आजही येतो. केस पांढरे झाले, गुडघे कुरकुरायला लागले, बाकीचे बरेच राग आपोआप गळून गेले. हा गेला नाही, आणि मी तो घालवायचा प्रयत्नही केलेला नाही.

तोडगा खरं तर बाबांचा स्वतःचाही नव्हता. आमच्या इमारतीत पुण्या-मुंबईहून सॉफ्टवेअरच्या कामावर आलेली बरीच कुटुंबं होती, आणि नव्या माणसाला जुनी माणसं दोन गोष्टी हमखास शिकवायची. एक म्हणजे जळणारा कचरा कोणत्या वारी टाकायचा आणि प्लास्टिक कोणत्या वारी. दुसरी म्हणजे बाहेर कुठेही खायची वेळ आली तर सरळ 'अ‍ॅलर्जी आहे' म्हणायचं. शाकाहारी म्हटलं तर हे लोक माशाचा तुकडा बाजूला काढतात आणि माशाच्याच पाण्यातलं सूप आणून ठेवतात. अ‍ॅलर्जी म्हटलं की आतून मॅनेजर बाहेर येतो, वाकून नमस्कार करतो आणि तुमच्यासाठी वेगळं पातेलं चढतं. बाबांनी आधी खरं सांगून पाहिलं होतं, हेही मला सांगितलं पाहिजे. ऑफिसच्या पहिल्याच पार्टीत त्यांनी मोडक्यातोडक्या जपानीत आपण काय खात नाही ते समजावलं, आणि मग अख्खी संध्याकाळ तोच खेळ झाला. गाजराला जीव नसतो का, दूध कसं चालतं, कुणी बघत नसेल तेव्हा काय करता. सगळे हसत होते, बाबाही हसत होते. घरी आले ते उपाशीच, आणि ओट्यापाशी उभ्याउभ्या दहीभात खाल्ला. दुसऱ्या दिवसापासून आमचं सगळं घर अ‍ॅलर्जिक झालं.

आईने मात्र हा शब्द कधी तोंडात घेतला नाही. तिला जपानी येत नव्हतं, शिकायची घाईही नव्हती, आणि त्यामुळे तिचं काही अडतही नव्हतं. स्टेशनजवळच्या दुकानात तोफू घ्यायची, पाकीट उलटसुलट करून दुकानदारीणबाईंसमोर धरायची, दोन्ही हात छातीसमोर फुलीसारखे धरायची आणि म्हणायची, "साकाना, दामे." साकाना म्हणजे मासा, दामे म्हणजे नको, मना. बाई पाकिटावरची बारीक अक्षरं वाचायची आणि कधी तशीच फुली करून पाकीट परत ठेवायची, कधी मान हलवून पिशवीत घालायची. दोघी एकमेकींकडे बघून हसायच्या. बाबा सोबत असले की त्यांना हे बघवत नसे. अग, काय हे हातवारे, लोक बघतात, असं ते मराठीत पुटपुटायचे आणि बाईंना स्वच्छ उच्चारात सांगायचे की आमच्या कुटुंबाला माशाची अ‍ॅलर्जी आहे. बाई लगेच गंभीर व्हायची. आई पिशवी उचलून पुढे चालू लागायची.

शाळेत या शब्दाचा खरा जाच मला झाला. जपानी शाळेत दुपारचं जेवण वर्गातच असतं, मुलंच वाढतात, मुलंच आवरतात, आणि त्यात भारी गंमत असते. मी घरचा डबा न्यायचे. मेतकूट-भात, कधी थालीपीठ, कधी बटाट्याची भाजी आणि पोळी. त्याबद्दल तक्रार नव्हती. पण मासा असेल त्या दिवशी बाई माझं बाक इतरांपासून थोडं लांब सरकवायच्या, ओल्या फडक्याने पुसायच्या, आणि वाढपाचा पांढरा झगा मला कधीच घालू द्यायच्या नाहीत. बाकीच्या मुली पळ्या घेऊन उभ्या आणि मी खिडकीशी, एखाद्या साथीच्या रोग्यासारखी. एकदा एका मुलीने विचारलं, मासा खाल्लास तर तू मरशील का. मला उत्तर माहीत नव्हतं. घरी येऊन मी बाबांना विचारलं, मला नक्की काय होतं. ते हसले आणि म्हणाले, काही होत नाही ग, पण अंगावर गांधी उठतात म्हणून सांग. माझ्या अंगावर काय उठतं हेसुद्धा मला विचारून कळलं, या गोष्टीचा मला तेव्हा इतका राग आला की त्या दिवशी मी जेवायला बसलेच नाही.

या सगळ्यात एक जागा माझी स्वतःची होती. उन्हाळ्याच्या सुट्टीत दर शनिवारी आमच्या भागातल्या मुलांना निसर्ग दाखवायला नेणारा एक गट होता आणि तो चालवायच्या हायाशी-सेन्सेई, म्हणजे हायाशीबाई. पन्नाशी ओलांडलेल्या, काटकुळ्या, गळ्यात टॉवेल आणि शिट्टी, आणि स्वभाव असा की कौतुक करतानासुद्धा खेकसल्यासारख्या वाटायच्या. तिथला उन्हाळा म्हणजे घामाने भिजलेला चिकट उन्हाळा आणि सकाळपासून झाडाझाडांतून सिकाड्यांचा कर्कश गजर. हे किडे वर्षानुवर्षं जमिनीखाली असतात, मग वर येऊन झाडावर चढतात, पाठ उलून बाहेर पडतात आणि आपली पोकळ टरफलं तिथेच सोडून जातात. सेन्सेई आम्हाला ती टरफलं गोळा करायला लावायच्या आणि मग कोणतं कुणाचं ते ओळखायचं. चिखलाने माखलेलं, गोलसर, इवलंसं टरफल दिसलं की मी लांबूनच नाव सांगायचे. ओहोटीला समुद्रकाठच्या चिखलात घोट्यापर्यंत रुतून आम्ही बसायचो, अजिबात न हलता, आणि मग बिळांतून नखाएवढे खेकडे बाहेर यायचे आणि दोन्ही नांग्या एकदम वर करून खाली करायचे, सगळेच्या सगळे, जणू कुणीतरी कवायत घेतंय. हललं की गायब. मी सगळ्यांत जास्त वेळ न हलता बसू शकायचे. सेन्सेई एकदा माझ्याकडे बोट दाखवून बाकीच्यांवर ओरडल्या होत्या की हिच्याकडे बघा. परक्या देशात मला कुणी असं नमुना म्हणून दाखवलं ते तेवढंच, आणि त्यात अ‍ॅलर्जीचा संबंध नव्हता.

त्या गटात मिओ होती. माझ्याच वयाची, आम्ही दोघी सहावीत. कमरेला कायम एक नारिंगी छोटी पिशवी बांधलेली आणि त्यात इंजेक्शन, कारण मिओला माशाची खरीखुरी अ‍ॅलर्जी होती. लहानपणी दोनदा ती मरता मरता वाचली होती, आणि हे ती इतक्या सहज सांगायची की माझ्या अंगावर काटा यायचा. डबे खाताना आम्हा दोघींची चटई नेहमी वेगळी. आधी मी एकटी बसायचे, तू आल्यापासून बरं झालं, असं ती म्हणायची. आईच्या दशम्या तिला फार आवडायच्या, आणि शेंगदाण्याची चटणी ती बोटाने चाटून संपवायची. आई मग तिच्यासाठी वेगळी पुडी देऊ लागली. मिओला मी खरं का सांगितलं नाही, असं कुणी विचारेल. घरातल्या मोठ्यांनी एकदा बाहेर काही सांगितलं की मुलांनी तेच धरून चालायचं, हे मला इतकं पक्कं शिकवलेलं होतं की तो प्रश्न माझ्या मनात शिरायलाच वाव नव्हता. बाबांनी ती चटई अंथरली होती, मी तिच्यावर बसले होते.

उन्हाळ्याच्या शेवटी मोठी सहल असायची, डोंगरातल्या नदीवर. पाण्यातले दगड उलटे करून खालचे किडे बघायचे, आणि मग उथळ पाण्यात दगडांचा बांध घालून त्यात मासे सोडायचे, ते मुलांनी नुसत्या हातांनी पकडायचे. पकडलेला मासा तिथेच साफ करून, मीठ लावून, काडीला टोचून निखाऱ्यावर भाजायचा आणि ज्याने पकडला त्याने खायचा. जे घेतलं ते वाया घालवायचं नाही, असा त्यामागचा धडा. मला धड्याशी देणंघेणं नव्हतं. मला ती नदी हवी होती. अख्खा उन्हाळा मी त्या एका दिवसावर डोळे लावून होते. पाण्यात मासा हाताशी येतो तेव्हा कसा लागतो, गार असतो की गरम, हे मला माहीत करून घ्यायचं होतं. खायचा नव्हता, आणि खाणार नाही हे सांगायला माझी काहीच हरकत नव्हती. मी बाबांना सांगितलं की या वेळी तरी नुसतं 'खात नाही' म्हणा. ते लॅपटॉपवरून मान वर न करता म्हणाले की आता दोन वर्षांनी वेगळं कसं सांगणार, मग आधी खोटं बोललो असं होईल. खोटं बोललो असं होऊ नये म्हणून ते खोटं पुढे चालू राहिलं.

अ‍ॅलर्जी असलेल्या मुलांसोबत घरचं एक माणूस हवं असा नियम होता, म्हणून बाबा आले, आणि मिओची आई आली. सकाळी बस निघण्याआधी मी धीर करून सेन्सेईंना गाठलं आणि म्हणाले की मला अ‍ॅलर्जी नाही, मला पाण्यात जायचंय. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. पाण्यात जायला मिळावं म्हणून सगळी मुलं असंच सांगतात, मिओसुद्धा सांगायची, असं त्या म्हणाल्या, आणि त्यांनी माझ्या डोक्यावरून बाबांकडे बघितलं. बाबांनी मान हलवली. नाही अशी नव्हे, हो अशी. ती मान मी अजून विसरलेले नाही.

नदीवर पोचल्यावर बघते तर सेन्सेईंनी आमच्यासाठी काय काय करून ठेवलं होतं. वाऱ्याच्या वरच्या बाजूला, धूर येणार नाही अशा ठिकाणी झाडाखाली नवी कोरी चटई. पाण्याची वेगळी बादली. नवे हातमोजे घालून वळलेले भाताचे गोळे, आत आंबट आलुबुखाराची चटणी, माशाचा अंशही नाही. त्या माझ्याशी बोलताना खाली वाकून बोलल्या आणि समजावलं की पाण्यात मासे सोडले आहेत, पाणी अंगावर उडलं तरी धोका आहे, म्हणून या वर्षी तुम्ही दोघी इथून बघा. एवढी काळजी माझ्या कुठल्याच शिक्षकाने घेतली नव्हती, आणि ती सगळीच्या सगळी एका थापेवर खर्च झालेली होती. मी बाबांकडे गेले आणि मराठीत म्हणाले, "बाबा, अजूनही सांगा ना. हात लावलेला तर चालतो ना आपल्याला?"

"गप्प बस आता," बाबा म्हणाले. "बाई किती धावपळ करतायत बघ. बरं दिसतं का?"

मग आम्ही चटईवर बसलो. समोर बाकीची मुलं गुडघाभर पाण्यात, पॅन्ट वर खोचून, कुणी पडतंय, कुणी किंचाळतंय, मासे पायांमधून सुळसुळत निसटतायत. मिओ मजेत होती. ती बिचारी दर वर्षी इथे बसलेली, तिला या वर्षी सोबत होती. कोण पकडणार, कोण पडणार यावर ती माझ्याशी पैजा लावत होती. माझं मात्र डोकं सणकलेलं होतं. माझ्यापेक्षा मठ्ठ मुलं, ज्यांना मिनिटभर गप्प बसता येत नाही, ज्यांच्या पायाच्या आवाजानेच मासे पळतात, ती पाण्यात. आणि मी, मला त्या खेकड्यांनीसुद्धा ओळखलं होतं, मी नव्या कोऱ्या चटईवर. बाबा निखाऱ्यांपाशी उभे राहून दुसऱ्या एका वडिलांशी हवापाण्याच्या गप्पा मारत होते.

तेवढ्यात बांधावरून एक मासा उडाला. उडून आमच्याच बाजूला, दगडांमधल्या ओंजळभर पाण्यात येऊन पडला आणि तिथे अडकला. अर्धं अंग पाण्याबाहेर, गलफडं उघडझाप करतायत. पलीकडच्या मुलांचं लक्ष नव्हतं. मी उठले. मी काही विचार केला नव्हता, कुणाला काही दाखवून द्यायचं होतं असंही नाही. मासा मरत होता आणि नदी दोन पावलांवर होती. मी दोन्ही हातांनी त्याला उचललं. गार होता, माझ्या कल्पनेपेक्षा कितीतरी जड, आणि सगळा जोर एकाच बाजूला, माझ्या मनगटाशी येऊन धडकणारा. मी त्याला बांधाच्या पलीकडे, मोकळ्या पाण्यात सोडलं. क्षणभर तो माझ्या बोटांमध्येच थांबला आणि मग गेला. त्या उन्हाळ्यातलं माझ्या वाट्याचं सुख तेवढंच.

मागून मिओ किंचाळली. तिच्या लेखी मी मरायला लागले होते. ती धावत आली, थांबली, कमरेची पिशवी उघडली आणि आपलं इंजेक्शन काढून सेन्सेईंच्या नावाने ओरडत राहिली, हिच्याकडे नाहीये, माझं द्या, माझं द्या. सेन्सेई पाण्यातून धावत आल्या, माझे हात बादलीत घालून खसाखसा धुतले, श्वास नीट येतोय का, घसा आवळल्यासारखा वाटतोय का, असं विचारत माझ्या बाह्या वर केल्या. शिट्टी वाजली, सगळी मुलं पाण्याबाहेर. मी सांगत होते की मला काही झालेलं नाही, मला काही होत नाही, आणि माझं जपानी तिथल्या कुठल्याही मुलाइतकंच चांगलं होतं. पण मुलांचं कोण ऐकतं. सेन्सेईंनी बाबांना विचारलं, रुग्णवाहिका बोलावू का. सगळी माणसं बाबांकडे बघत होती. त्या वेळी तीन शब्द बोलले असते तरी पुरलं असतं. बाबांनी माझ्या हाताकडे पाहिलं, लोकांकडे पाहिलं, आणि म्हणाले, "ओनेगाइशिमासु." म्हणजे, कृपा करून बोलवा.

रुग्णवाहिकेत मला झोपवलं, नाकाला नळी लावली, आणि बाबा शेजारी बसून माझ्या केसांवरून हात फिरवत राहिले, तसे ते घरी कधी फिरवत नसत. मी डोळे मिटून घेतले. खोऱ्यातल्या गावात एक छोटं इस्पितळ होतं. तिथे तपासणीच्या खोलीबाहेर आम्ही बसलो असताना सेन्सेई मागोमाग आपली गाडी घेऊन आल्या. पॅन्ट गुडघ्यापर्यंत ओलीच होती, एका पायात चप्पल नदीवरची, एकात गाडीतली. त्या बाबांसमोर उभ्या राहिल्या आणि कमरेत पूर्ण वाकल्या. तुमच्या मुलीवरून माझी नजर हटली, ही माझी चूक, मी क्षमा मागते. त्या वर येईनात. त्यांच्या गळ्यातल्या टॉवेलमधून पाणी फरशीवर टपकत होतं. आणि बाबांनी काय करावं? बाबा म्हणाले, दायजोबु, दायजोबु. असू दे, असू दे. मोठ्या मनाने त्यांनी त्या बाईंना माफ केलं.

माझ्या आयुष्यात मी पुष्कळ चिडले आहे. नवऱ्यावर, साहेबांवर, दोन्ही देशांच्या सरकारांवर. पण त्या बाकावर बसून मला जो राग आला तो पुन्हा कधी आला नाही. तो रडायला लावणारा राग नव्हता. तो एकदम गार होता, आणि त्यात माझं डोकं लख्ख चालत होतं.

डॉक्टरांनी आत बोलावलं. सेन्सेईही दारात येऊन उभ्या राहिल्या. डॉक्टर भराभर विचारत होते, याआधी कधी त्रास झाला, किती वेळाने, काय लक्षणं, कोणतं औषध दिलं. बाबांचं जपानी ऑफिसपुरतं पक्कं होतं. सर्व्हर बंद का पडला हे ते अर्धा तास समजावू शकायचे. हे शब्द त्यांना येत नव्हते, आणि भाषांतर करणारा फोन पिशवीत नदीकाठीच राहिला होता. त्यामुळे आमच्या घरात अशा वेळी नेहमी जे व्हायचं तेच झालं. ते माझ्याकडे वळले. बँकेत, वॉर्ड ऑफिसात, गॅसवाल्याशी, सगळीकडे मीच त्यांचं तोंड होते. ते हळू आवाजात म्हणाले, "सांग त्यांना, लहानपणी एकदा अंगावर गांधी उठल्या होत्या. तेव्हापासून आम्ही देत नाही."

मी डॉक्टरांकडे वळले आणि म्हणाले, मला अ‍ॅलर्जी नाही. कधीच नव्हती. आमच्या घरी मासा खात नाहीत.

डॉक्टर लिहिता लिहिता थांबले. जपानीत हे दोन शब्द अगदी जवळजवळचे आहेत. ताबेरारेनाइ म्हणजे खाता येत नाही. ताबेनाइ म्हणजे खात नाही. मधली दोन अक्षरं गेली की आजारी माणूस बरा होतो. त्यांनी मला पुन्हा, एकेक अक्षर सुटं करून विचारलं, खाता येत नाही की खात नाही. मी म्हणाले, ताबेनाइ. मग त्यांनी बाबांकडे बघून तोच शब्द उच्चारला, आणि तेवढं जपानी बाबांना येत होतं. त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं की मी काय भाषांतर केलं ते त्यांच्यापर्यंत पोचलं.

या खोऱ्यात रुग्णवाहिका एकच आहे, एवढंच डॉक्टर म्हणाले, आणि दुसऱ्या खोलीत निघून गेले. सेन्सेई दारातच होत्या. त्या ओरडतील असं मला वाटलं होतं, ओरडायला त्या कधी मागेपुढे बघत नसत. त्या बाबांशी अगदी हळू, बाबांना कळेल अशा सोप्या जपानीत बोलल्या. "साकाना दामे एवढंच म्हणाला असतात तरी मला कळलं असतं. ती पाण्यात उतरली असती." बाबा पुन्हा पुन्हा सुमिमासेन, माफ करा, म्हणत वाकत राहिले. सेन्सेईंनी वाकून उत्तर दिलं नाही.

परतीच्या गाडीत बाबा एकच वाक्य बोलले, परक्या माणसांसमोर बापाचं नाक कापलंस. घरी त्यांनी सगळं आईला सांगितलं. गेलेली अब्रू, तिथल्या लोकांत आता काय तोंड दाखवणार, इमारतीत कळलं तर काय. आई भात वाढत होती. तिने शांतपणे पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मी दुकानात हातांची फुली करते तेव्हा तुम्हाला लाज वाटते. आज कशाची वाटली?" बाबा ताटावरून उठले. बाबा आता फार थकले आहेत, माझ्याचकडे असतात, आणि हा विषय निघाला की म्हणतात की लोकांना सोपं जावं म्हणून तसं सांगायचो ग. खरं आहे. लोकांना सोपं गेलं, त्यांना सोपं गेलं. त्या पार्टीत त्यांची चेष्टा करणाऱ्या माणसांचाही मला राग येतो. पण ती माणसं माझे बाबा नव्हती.

पुढच्या शनिवारी उन्हाळ्यातली शेवटची भेट होती, नेहमीच्या बागेत. बाबा नको म्हणत होते. आईने दशम्या बांधून दिल्या, चटणीची वेगळी पुडीही दिली, आणि मला धाडलं. सेन्सेईंनी मला बाकीच्यांसारखंच टरफलं शोधायला पिटाळलं. डब्याच्या वेळी मिओ आपल्या चटईवर बसली होती. मी पुडी घेऊन तिच्यापाशी गेले. तिने पुडी घेतली नाही.

"तुला खाता येतं?" तिने विचारलं.

मी हो म्हणाले.

"येतं, तरी खात नाहीस."

मी तिला समजावायला लागले. आमच्या घरी चालत नाही, असं मला म्हणायचं होतं, आणि त्याला जपानी शब्द नव्हता. तिने माझं पुरतं ऐकलंही नाही. ती म्हणाली, "आमच्या घरी सगळे जे सूप पितात ते मला एकदा प्यायचंय. एकदाच. तुझ्यासाठी मी माझं इंजेक्शन काढलं होतं." मग तिने चटईचं टोक धरलं, माझे त्यावरचे पाय मी बाजूला घेईपर्यंत थांबली, आणि चटई उचलून बागेच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसली. तिचं काहीच चुकत नव्हतं. मी पुडी परत पिशवीत टाकली आणि घरापर्यंत चालत आले, बसने आले नाही, कारण बसमध्ये गप्प बसावं लागलं असतं आणि मला रस्त्यावर पाय आपटायचे होते.

दार बाबांनी उघडलं. शनिवार होता, ते घरीच होते, आणि बहुधा त्यांना माझ्याशी समेट करायचा होता, कारण त्यांनी स्वतःहून विचारलं, कसं झालं, काय काय बघितलं. मी जपानीत उत्तर दिलं. भराभर, मुलांच्या बोलीतलं जपानी, त्यांना एक अक्षर कळणार नाही असं. मिओने काय म्हटलं, चटई कशी उचलली, सगळं सगळं सांगितलं. ते थांबले आणि म्हणाले, मराठीत सांग. मी पुन्हा जपानीतच बोलले. आतून आई भांडी घासता घासता थांबलेली मला ऐकू आली.

"काय ग," बाबा म्हणाले, "मराठीत बोलता येत नाही का तुला आता?"

"येतं," मी म्हणाले. "बोलत नाही."